ब्रेकवरचा पाय

१४ सप्टें., रविवार
भाजीबाजारात आज चप्पल गेली. गेली म्हणजे उजव्या पायातून निघाली आणि मी तसाच पुढे चालत राहिलो. मेथीवाल्या बाईने हाक मारली, "ओ काका, चप्पल राहिली मागं." वळून बघतो तर रस्त्याच्या मधोमध उताणी पडलेली. लोक हसले, मीही हसलो. तंद्रीत होतो म्हणून सांगितलं.
तंद्रीबिंद्री काही नव्हती. मेथी महाग पडते म्हणून चांगला भांडून आत्ताच निघालो होतो. पायाला कळलंच नाही.
थोरल्या भावाचं, आण्णाचं, असंच सुरू झालं होतं. आधी चप्पल. मग बाकीचं.

१५ सप्टें., सोम.
सकाळची पहिली शिकाऊ म्हणजे गायकवाड मॅडम. पन्नाशीच्या, शाळेत गणित शिकवतात. नवरा गाडी हातात देत नाही म्हणून माझ्याकडे आल्या. गियर बदलताना स्वतःशी पुटपुटतात. हात चांगला, धास्ती फार. गुलमोहर रोडवर म्हणाल्या, "सर, तुमच्या बाजूला ब्रेक आहे ना, मग मला काही वाटत नाही."
सगळे हेच म्हणतात. माझी सगळी विद्या त्या एवढ्याशा ब्रेकमध्ये आहे. कुणी मोबाईलकडे बघत चालवतं, कुणी समोर ट्रक आला की स्टिअरिंगच सोडतं. माझा उजवा पाय तिथे असतो म्हणून सगळे सुखरूप घरी जातात. निम्म्या सावेडीला मीच गाडी शिकवली, असं मी चारचौघांत सांगतो.
आज पहिल्यांदा खाली वाकून बघितलं, पाय ब्रेकवर आहे का. होता. पण बघेपर्यंत सांगता आलं नसतं. आणि वाकायचं म्हणजे पोट आडवं येतं.

१७ सप्टें., बुध.
गेलो एकदाचा डॉ.कडे. सुनंदाला सांगितलं, टायर बघायला चाललोय. बायकोला थाप मारायला टायरच सुचला.
साखर आहे. किती, ते इथे लिहिणार नाही. लिहिलं की घरात येऊन बसेल. डॉ. म्हणाले, ही आजकालची नाही, बरीच जुनी आहे. मी म्हणालो, मला तर कसलाच त्रास नव्हता. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. रात्री उठता? उठतो. तहान लागते? लागते. जेवलं की झोप येते? गाडीतसुद्धा येते. "म्हणजे त्रास होता," ते म्हणाले, "तुम्ही त्याला वय म्हणत होतात."
मग झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा बारीक दोरा असतो. तो तळपायाला टेकवणार, कळलं की आपण 'हो' म्हणायचं. मी वाट बघत राहिलो. डॉ.चा श्वास ऐकू येत होता, म्हणजे ते काहीतरी करत होते. मला काहीच कळेना. डोळे किलकिले केले. त्यांचा हात हलला की मी हो म्हणायचो. पुन्हा हलला, पुन्हा हो.
डॉ. खूश. पाय अजून शाबूत आहेत म्हणाले, नशीब समजा.
कॉपी करून पास झालो. आरटीओत असं कुणी पास झालं की मीच किती बोंब मारतो.
गोळ्या गाडीच्या कप्प्यात ठेवल्या. घरात नकोत.

१९ सप्टें., शुक्र.
सुनंदा वर्षभर माझ्या मानेवरून भांडते आहे. मान नीट घासत नाही, कॉलर काळी होते, म्हणून. मागे एकदा तिने स्वतः दगडाने घासून दिली, कातडं निघायची वेळ आली. डॉ. म्हणाले तो मळ नाहीच, साखरेचीच खूण आहे. मानेवरचा काळा पट्टा सगळ्या गावाने बघितला, मला सोडून.
अजून काय काय आहे कोण जाणे. पॅन्ट पोटाखाली घालायला लागून किती वर्षं झाली. पावत्या लांब धरून वाचतो. दोन जिने चढलो की फोन आल्याचं नाटक करून थांबतो. आणि ते दुसरं, ज्याचं नाव मी इथेही घेणार नाही, तेही कधी थांबलं ते आठवत नाही. सुनंदाने एकदाही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर चिडलो असतो, नाही विचारलं तर वाईट वाटतं.
भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. मला माझ्या पायांची भीती वाटते.

२१ सप्टें., रवि.
गावाहून आण्णाचा फोन. उद्या घट बसतात.
आमच्या घरात देवीचं अनवाणी आहे. घटस्थापनेपासून दसऱ्याला सोनं देईपर्यंत घरातल्या एका पुरुषाने पायात काही घालायचं नाही. बाबांनी केलं, त्यांच्यानंतर आण्णाने. गेल्या नवरात्रात आण्णाच्या उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. त्याला साखर, पाय बधिर, पत्ताच लागला नाही. दिवाळी झाली आणि गुडघ्याखालून पाय गेला.
आता उरलो मी. त्याला दोन मुली, मला एक. पोरींनी करायची पद्धत नाही.
आण्णा म्हणाला, "यंदा तू हाय. मला शुगर हुती म्हून तसं झालं. तुला काय झालंय, तू धडधाकट हाय." आणि मग जरा थांबून, "बाबांचं मोडायला नको रं माझ्यापायी."
त्याच क्षणी सांगायचं होतं. 'आण्णा, मलापण आहे.' एवढंच. तोंडात आलं होतं. पण एका पायावर बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर त्याचं 'धडधाकट' ऐकून बरं वाटलं. हो म्हणालो.

२२ सप्टें., सोम., घटस्थापना
अनवाणी. सुनंदाने घट मांडले, पहिली माळ चढवली. मी नऊ दिवस उपास धरला आहे. ती म्हणाली, यंदा काय एवढं? मी म्हणालो, आण्णाच्या वाटचं.
गोळ्या बंद केल्या. जेवणच नाही तर साखर येणार कुठून? उलट दसऱ्यापर्यंत उतरेल आणि डॉ.ना रिपोर्ट दाखवून चकित करीन.
घराबाहेर पाऊल टाकताना खालची जमीन बघून टाकतो.

२४ सप्टें., बुध.
दुपारी पाइपलाइन रोडला गाडीत हवा भरायला थांबलो. डांबर नुसतं तापलेलं. शेजारच्या सोसायटीतले कुलकर्णी काकाही अनवाणी आहेत, ते सावलीतून सावलीत उड्या मारत होते. मी आपला मधोमध उभा. काकांनी हात जोडले. म्हणाले, श्रद्धा असावी तर अशी.
श्रद्धा कसली. खाली काय आहे ते कळत नव्हतं. काका गेल्यावर गाडीत बसून दोन्ही तळवे चोळले. हाताला ते चांगलेच गरम लागले. पायांना काही नाही.
कुणाच्या तरी दुसऱ्याच माणसाचे पाय माझ्या मांडीवर घेऊन बसलो होतो.

२६ सप्टें., शुक्र.
आज वाचलो.
गायकवाड मॅडम, भिस्तबागचा चौक. डावीकडून एक बाई स्कूटरवरून आली, पुढे लहान मूल उभं. थेट आडवी. मी ओरडलो आणि पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, बंद पडली. बाई शिव्या देत निघून गेली. ते मूल मागे वळून आमच्याकडे बघत होतं.
मॅडम घामाने थबथबल्या होत्या. 'वाचलो' एवढंच म्हणाल्या. मी त्यांना धीर दिला, म्हणालो, माझा पाय तयारच असतो.
संध्याकाळी घटापुढे बराच वेळ बसलो. पाय चालतो आहे. वेळेवर चालतो आहे. उगाच घाबरलो होतो.
तरी एक गोष्ट. पाय दाबला हे आठवतं. पायाखाली ब्रेक लागला होता का, ते आठवत नाही.

२८ सप्टें., रवि.
खिचडी, भगर, बटाट्याची भाजी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. शेजारपाजारहून येतंय. उपासाच्या नावाने एरवीपेक्षा जास्त खातोय. तहान भागत नाही. तोंडाला सारखी चिकट कोरड. पाय संध्याकाळी ओल्या पोत्यासारखे जड. डोळ्यांपुढे धूसर. गाडीचा नंबर वाचायला दोनदा बघावं लागलं.
सुनंदा माझ्याकडे बघत असते. मी तिकडे बघितलं की वातीला तेल घालते.

२९ सप्टें., सोम.
वळण शिकवत होतो. मॅडमनी गाडी कडेला घेऊन थांबवली. मी म्हणालो, थांबायला कुणी सांगितलं? त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. ब्रेकखालची चटई लाल झाली होती. ब्रेकवरही लाल, अंगठ्याच्या आकाराचं.
पाय वर घेऊन बघायला गेलो तर पोट आड आणि नजर धूसर, तळवा धड दिसेना. मॅडमनीच बघितलं. अंगठ्याखाली काच. हिरवी, बाटलीची. कधी घुसली, कुठे घुसली, काही सांगता येत नाही. त्यांनी रुमाल धरून उपसली. मी समोर रस्त्याकडे बघत होतो, त्यांनी 'निघाली' म्हटलं तेव्हा निघाल्याचं कळलं.
"सर, दुखत नाही?"
"नाही, काही नाही."
"तेच विचारतेय मी. दुखत का नाही?"
गणिताच्या बाई. उद्या परवा सुट्टी म्हणून सांगून त्यांना घरी सोडलं.
चटई धुतली. घरी हळद भरली, चिंधी बांधली, वरून फुल पॅन्ट ओढून घेतली. बाभळीचा काटा आणि बाटलीची काच. आण्णाचा उजवा, माझाही उजवाच. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. देवीसमोर जायलाही धजलो नाही, तिला काय सांगायचं?

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
सकाळी गाडीची पूजा. झेंडूची माळ, नारळ, चाकांखाली लिंबं. स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि मग वाकून माझ्या बाजूच्या ब्रेकलाही लावलं. दरवर्षी लावतो. आज हात जोडून जरा जास्तच वेळ थांबलो.
घरात येऊन खुर्चीत बसलो. सुनंदा आतून आली आणि म्हणाली, "अहो, कुंकू किती सांडलंत, पायाला लागून घरभर झालंय." ती ओलं फडकं घेऊन दारापासून पुसत आली. एकेक ठसा पुसत, पुसत, माझ्या खुर्चीपर्यंत. मग फडकं नाकाशी नेलं.
कुंकू नव्हतं. चिंधी सुटली होती.
ती ओरडली नाही. जमिनीवरच बसली, माझा पाय धरला आणि उलटा करून बघितला. जखमेची एक कड काळी पडली आहे असं तिने सांगितलं. मग विचारलं, कधीपासून. मी काचेचं सांगायला लागलो तर म्हणाली, "काच नाही विचारत. शुगर कधीपासून?" तिला माहीत होतं. गोळ्या गाडीच्या कप्प्यात तिला घटस्थापनेच्या दिवशीच दिसल्या होत्या, गाडीतून झेंडूची फुलं काढताना. मी आपणहून सांगेन म्हणून ती वाट बघत होती. मी अनवाणी निघालो की दर सकाळी वाट बघत होती.
मग रडली. मला रडूही येईना.
डॉ.ना तिनेच फोन लावला. बाहेरगावी आहेत, उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा सकाळी पहिला नंबर. तोवर जखम धुऊन स्वच्छ पट्टी, गोळ्या आजपासून परत सुरू, पाय जमिनीला शक्यतो टेकवायचा नाही. ताप आला किंवा सूज वर चढली तर मात्र तडक मोठ्या हॉस्पिटलला.
ताप दोनदा बघितला. नाही. माझ्या मनात दिवसभर आहे.

२ ऑक्टो., गुरु., दसरा
सुनंदा जाऊ नका म्हणत होती. मी म्हणालो, सोनं द्यायला आण्णापुढे गेलो नाही तर त्याला कळेल. ती म्हणाली, कळू दे. पण आली. गाडीला हात लावू दिला नाही. पारनेरच्या एसटीत खिडकीशी बसलो, पायाला पट्टी आणि त्यावर मोजा. ड्रायव्हर ब्रेक लावायचा तेव्हा माझा पाय आपोआप दाबला जात होता.
पुढे गावापर्यंत रिक्षा. आण्णा पडवीत खाटेवर. नकली पाय भिंतीला टेकवून ठेवलेला, तो घालत नाही, खुपतो म्हणतो. आपट्याची पानं त्याच्या हातात दिली आणि वाकलो. त्याला एकच पाय. नमस्कार करताना दुसरा हात कुठे न्यायचा ते मला अजून कळत नाही.
"मोजा का घातलास?"
ठेच लागली म्हणालो. त्याने सुनंदाकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग मला म्हणाला, वर बस आणि पाय हिकडं दे. थोरल्याकडे पाय करून आम्ही कधी बसलो नाही. मी नको नको म्हणत राहिलो. त्याने घोटा धरून पाय मांडीवर ओढून घेतला, मोजा काढला, पट्टी सोडली. बराच वेळ बघितलं. मग तोंड खाली नेऊन वास घेतला. त्याला तो वास माहीत आहे.
खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. म्हणाला, मी बोटाला हात लावीन, कुठलं ते सांग.
मी वाट बघितली. मांजर कुठेतरी ओरडत होतं. अंगठा म्हणालो. आण्णा गप्प. मग वाटलं काहीतरी हललं, करंगळी म्हणालो. पुन्हा गप्प. मी घाईघाईने म्हणालो, आता मधलं, मधलं बोट.
मीच टॉवेल खाली ओढला. आण्णाचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या छातीवर होते.
"आजून हातच लावला न्हाई मी."
सुनंदा तोंडात पदर घालून आत गेली. आण्णा माझा पाय मांडीवर तसाच घेऊन बसला होता.
"डाक्टरला पन असंच सांगितलंस?"
मान हलवली.
"मी बी असंच सांगितलं हुतं," आण्णा म्हणाला. "डोळं बारीक करून."
आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. लहानपणी एकत्र मार खाल्ल्यावर बसायचो तसे. मग तो म्हणाला की अनवाणी आजपासून बंद, तुझं नाही, घराचंच बंद, देवीला काय सांगायचं ते मी सांगतो. फोनवर नुसतं 'मलाबी हाय' म्हणाला असतास तर, असं म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही.
निघताना खाटेखालून चपला काढून दिल्या. त्याचा माझा एकच नंबर. डावी झिजलेली, टाच गेलेली. उजवी कोरी करकरीत.

३ ऑक्टो., शुक्र.
डॉ.चा दवाखाना. पहिला नंबर म्हणाले होते, पण आत कुणीतरी म्हातारे आहेत. सुनंदा शेजारी. वही बरोबर आणली, हाताला काहीतरी हवं म्हणून.
सकाळी गायकवाड मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. ड्रायव्हिंग स्कूल बंद ठेवतोय, किती दिवस माहीत नाही, दुसरं बघा म्हणालो. त्या चौकातल्या दिवसाचंही बोललो, पाय मात्र त्या दिवशी वेळेवर चालला, तेवढंच समाधान. मग म्हणाल्या, "सर, त्या दिवशी ब्रेक मी लावला. तुमचा पाय चटईवर होता. मला वाटलं, तुम्ही मला शिकवण्यासाठी मुद्दाम नाही लावला."
ते मूल मागे वळून बघत होतं. डोळ्यांपुढून जात नाही.
किती दिवस, किती जणांबरोबर माझा पाय चटईवर होता? सगळी सावेडी माझ्या भरवशावर...
जखमेची काळी कड कालच्यापेक्षा मोठी आहे, सुनंदा म्हणते. मला दिसत नाही, तिच्या तोंडाकडे बघून कळतं. बोट जाईल का, पाय जाईल का, हे डॉ.ना विचारायचं ठरवलंय. विचारवेल असं वाटत नाही.
आधी दोऱ्याचं सांगायचं. मागच्या वेळी डोळे उघडे होते, हे सांगायचं. मग पुन्हा झोपवतील, डोळे मिटायला सांगतील. सुनंदाला सांगून ठेवलंय, माझ्या डोळ्यांवर तुझा हात ठेव. दोरा खरंच कळला तरच हो म्हणायचं. नाही कळला तर गप्प पडून राहायचं, कितीही वेळ लागला तरी.
म्हातारे बाहेर आले. सुनंदा उठली. उजवी चप्पल पायात आहे का, ते मी खाली वाकून बघितलं.